सलीमनं जुळवलेला आवाज

रिसोडच्या बाजारात सोयाबीनची पोती उतरवून घेत होतो, तेव्हा सलीमच्या धाकट्या भावाचा फोन आला. "भाऊ, सलीमभाई गेले..." सकाळी चहा पिऊन दुकानाकडं निघाला, उंबऱ्यातच खाली बसला, तो उठलाच नाही. काही आठवडे झाले, तरी बस स्टँडमागच्या त्याच्या गल्लीत माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो.

सलीम गाड्यांमध्ये साउंड बसवायचा. शाळेत आम्ही एका बाकावर बसलो. पुढं मी शिरपूरला शेती आणि जीप धरली, त्यानं हे दुकान. वूफरच्या, म्हणजे घुमणारा ठेका देणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या, खोक्यावर ठसठशीत छापलेल्या वॅटकडं तो ढुंकूनही पाहत नसे. "हे घडीभराचं हाये. सतत किती झेपते, ते बारीक अक्षरातलं वाच," म्हणायचा. वूफरला सतत झेपेल तेवढी ताकद अॅम्पनं, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या यंत्रानं, आरामात दिली पाहिजे, एवढाच त्याचा हिशेब. मला ते बरीच वर्षं नुसतं धंद्यातलं बोलणं वाटलं.

माझी धाकटी बहीण वंदना हिला जन्मापासून ऐकू येत नाही. मानोऱ्याकडं तिचं लग्न ठरलं. वरातीत आपण नाचणार, असं तिनं हातवाऱ्यांनी सांगितलं, तर मामा म्हणाले, "तिले ताल कुठं समजते? लोकं हसतीन." तिनं त्यांचे ओठ वाचले आणि आत निघून गेली. मी हे सलीमला सांगितलं. तो लगेच म्हणाला, "जीप आन. तिलेबी आन."

वरातीत जीपवर गाणी वाजवायला मी जपून जपून छोटा अॅम्प घेतला होता, मोठ्या अॅम्पनं वूफर फाटेल म्हणून. सलीम नको म्हणत होता, तरी माझ्या हट्टापायी त्यानं तो लावला. वंदनानं वूफरच्या पेटीवर तळहात ठेवला. आवाज वाढवला तसा तिनं हात झटकन मागं घेतला आणि पत्र्यावर नखं ओढल्यासारखी खूण केली. माझ्या कानांना तर गाणं ठीकच वाटत होतं! सलीमनं ताबडतोब आवाज बंद केला.

"बरोबर सांगून राह्यली ते," तो हळूच म्हणाला. "अॅम्प कमी पडून राह्यला. झेपत नाई म्हनून वरडते."

"पन मोठा लावला तर जळंल ना रे?"

"जोडीचा असला त कायले जळते? कमी ताकदीच्याले तानलं की तो फाटका आवाज देते, आन त्याच्यानंच वूफरच्या आतली कॉइल जळते. ताकदीचा निवांत बोलते."

त्यानं वूफरच्या जोडीचा अॅम्प काढला, तारा बदलल्या, पुन्हा गाणं लावलं. वंदनानं भीत भीत हात ठेवला... या वेळी तो तिथंच राहिला. मग तिनं दुसरा हात ठेवला. मग गाल टेकवला. तिची बोटं पेटीवर ठेका धरू लागली, अगदी गाण्याबरोबर, तसूभर मागं ना पुढं. सलीम पान्हा हातात धरून नुसता बघत राहिला. "या अल्लाह," म्हणाला, "इतके वर्सं म्या हे फकत कानानं ऐकलं."

लग्न लागलं, ऊन कललं, वरात निघाली. एक हात जीपच्या थरथरणाऱ्या मागच्या फळीवर ठेवून वंदना नाचली. सलीमनं मुद्दाम मध्येच गाणं थांबवलं, तर तीही त्याच ठोक्याला थांबली. मग टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि सगळ्यांच्या आधी मामा तिच्यासोबत नाचायला उतरले.

सलीम गेल्याचं कळताच वंदना मानोऱ्याहून आली. सलीमच्या बायकोजवळ, शब्बोभाभीजवळ बसली, भाभीचा हात हातात घेऊन तळव्यावर बोटांनी सावकाश ठेका देत राहिली. भाभीला त्यातलं काय कळलं, कोण जाणे... पण तिनं हात सोडवून घेतला नाही.

सलीमची एक सवय होती. गाडी कोणाचीही असो, गाणं सुरू करण्याआधी तो आवाजाचं बटण पार शून्यावर आणायचा, मनात बिस्मिल्ला म्हणायचा आणि मग हळूहळू वाढवायचा. आता रोज सकाळी मीही तेच करतो. बटण फिरवत जातो, आणि एका जागी समोरचा आरसा बारीक थरथरू लागतो. तिथं मी थांबतो. त्या जागेपुढं बटण कधी न्यायचं नाही, हे जीपचा आवाज जुळवताना सलीमनंच ठरवून दिलंय.