धुळ्याच्या यादीतली परदेशी मुलगी

हे लिहावं लागतंय, कारण चूक माझी होती. धुळे जिल्ह्याच्या बुद्धिबळ निवड स्पर्धेची मी मुख्य पंच. चौदा वर्षांच्या एका मुलीचं नाव मी यादीतून कापलं, तेही जळगावला घरी बसून, चहा पिता पिता. त्यावरून पालकांच्या मोबाइलवर बरंच काही फिरतंय आणि त्यातलं निम्मं खोटं आहे. म्हणून प्रवास जसा झाला तसा लिहिते. कुणाला जळगाव–दोंडाईचा–धुळे अशी फेरी करायची असेल, तर गाडीची आणि जेवणाची माहितीही यात सापडेल.

मुलीचं नाव तेजल पाटील, गाव दोंडाईचा. आंतरराष्ट्रीय खेळाडूंच्या यादीत तिच्या नावापुढे एका आखाती देशाचा झेंडा दिसला. मी शेरा मारला: ‘परदेशी खेळाडू, अपात्र.’ तिच्या जुन्या निकालांत एका फेरीपुढे ‘न खेळता पराभूत’ अशी खूण होती. म्हणजे पटावर वेळेत न येणारी. अशा मुलांचा मला राग आहे, त्यामुळे शेरा मारताना हात अडखळला नाही.

गुरुवारी तिच्या आजोबांचा फोन आला.

“मॅडम, आमनी पोर दोंडाईचानी शे. ती परदेशी कशी व्हयनी?”

“नाना, नियम आहे.”

“मंग नियम लई या आन् पोरले देखाडा. बठ्ठा कागद घरमा शेतस.”

फोन ठेवून नियमावली काढली. जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी एकच वाक्य होतं: ‘खेळाडू भारतीय नागरिक व जिल्ह्यातील रहिवासी असावा.’ झेंड्याची, म्हणजे कोणत्या देशाच्या संघटनेकडे नोंदणी आहे याची अट राज्य स्पर्धेपासून लागते. तीस वर्षं मी गणित शिकवलं. ‘आधी प्रश्न पूर्ण वाचा’ म्हणून पोरांना झापलं. स्पर्धा शनिवारी धुळ्याला सुरू होणार होती. शुक्रवारी वाकडी वाट करून आधी दोंडाईचा गाठायचं ठरवलं.

सुरतेकडे जाणारी सकाळची पॅसेंजर घ्या. वेळ जास्त लागतो, पण तिकीट दोन कप चहाइतकं. धरणगावला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाणाऱ्या बायका उतरल्या आणि डबा मोकळा झाला. अमळनेरला भजी चढली. तेल जुनं होतं, खाऊ नका. दोंडाईच्याला उतरलात की तोंडावर रुमाल धरा. हे दिवस मिरचीचे. स्टेशनबाहेर रिक्षात बसेपर्यंत मला चार ठसके लागले. रिक्षावाला म्हणाला, “अक्का, पाहुण्यासनं आम्ही असंच स्वागत करतस.”

नानांचा मिरचीचा व्यापार. घरी पासपोर्ट, जन्मदाखला, आधार, सगळं टेबलावर मांडून ठेवलेलं. पासपोर्ट भारतीय, जन्म दोंडाईच्याचा. वडील आखातात एसी दुरुस्तीचं काम करायचे. सहा महिन्यांपूर्वी सगळे परत आले. तिथल्या क्लबने नोंदणी करताना तिथल्याच देशाचा झेंडा लावला आणि तो तसाच राहिला.

“तिथे शाळांच्या स्पर्धेत मी पहिली आले,” तेजल म्हणाली. “करंडक दुसरीला दिला. तो फक्त तिथल्या नागरिकांना मिळतो.”

मी विचारलं, “आणि ही न खेळता हरलेली फेरी? झोपली होतीस?”

तिने नानांकडे पाहिलं. नाना म्हणाले, “सांग. मॅडम काय खाई टाकतीन का तुले?”

ती क्लबबरोबर दुसऱ्या देशात स्पर्धेला गेली होती. पाचव्या फेरीत समोर ज्या देशाची मुलगी आली, त्या देशाच्या खेळाडूंसमोर बसायचं नाही असा क्लबच्या मॅनेजरला वरून हुकूम होता. ताप आला म्हणून खोलीत राहा, असं तिला सांगितलं. “मी खाली गेले. हॉलच्या दाराला काच होती. ती मुलगी बसली होती. तिने तिची प्यादी सरळ केली. मग माझीसुद्धा केली. अर्धा तास झाल्यावर पंचांनी घड्याळ बंद केलं.”

“तुझं त्या मुलीशी काही भांडण?”

“नाही. सकाळी नाश्त्याला तिनेच मला जॅम दिला होता.”

नाना उसळले. “करंडक देवाना येळे परकी, आन् बहिष्कार घालाले घरनी!”

मी यादी काढली, माझा शेरा खोडला, नाव पुन्हा लिहिलं आणि सही केली. नानांनी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, ठेचा आणि मेथीची भाजी वाढली. ज्यांना तिखट सोसत नाही त्यांनी ठेचा बोटाच्या टोकानेच घ्यावा.

दुपारच्या एसटीने आम्ही तिघं धुळ्याला निघालो. बायकांना अर्धं तिकीट. नानांची पासष्टी अजून व्हायची, म्हणून कंडक्टरने त्यांच्याकडून पूर्ण पैसे घेतले तेव्हा ते म्हणाले, “हाई बी भेदभावच शे, मॅडम.” सोनगीरला बस थांबते. डोंगरावर किल्ला, खाली पितळी भांड्यांची दुकानं. वेळ असेल तर उतरा; किल्ला चढायला अर्धा तास पुरतो. पुढे महामार्गाने धुळं जवळच.

शनिवारी सकाळी हॉलमध्ये कुरबुर सुरू झालीच होती. दोन फेऱ्या कशाबशा पार पडल्या. तिसऱ्या फेरीत तेजलसमोर ईश्वरी आली, मागच्या वर्षीची जिल्हा विजेती. तिचे वडील माझ्या टेबलाशी आले.

“मॅडम, झेंडा तिकडचा आणि जागा इकडची? माझी पोरगी तिच्यासमोर बसणार नाही. लिहून घ्या.”

“लिहून घेते. पण सही ईश्वरीची लागेल. खेळाडू ती आहे, तुम्ही नाही.”

मी कोरा कागद पुढे सरकवला. तिकडे घड्याळ सुरू झालं होतं. तेजल एकटी पटाशी बसली होती, दोन्ही हात मांडीवर. नियम तोच: अर्ध्या तासात समोरचा आला नाही तर डाव संपला. तिला फुकटचा गुण मिळाला असता. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की तो तिला नको होता.

ईश्वरीने पेन उघडलं. “पप्पा, काय लिहू?”

“लिही, निषेध म्हणून खेळत नाही.”

“कशाचा निषेध?”

“ती परदेशी आहे.”

“पप्पा, तिचं आडनाव पाटील आहे. मघाशी ती माझ्याशी खानदेशीत बोलली. तुम्हाला तरी येते का एवढी?”

मागे बसलेल्या दोन आया फसकन हसल्या. वडील लाल झाले. “बाहेर चल, मग सांगतो.”

“डाव झाल्यावर सांगा,” म्हणत ईश्वरी पेन घेऊन निघून गेली. कागद कोराच राहिला. ती बसली तेव्हा एकोणीस मिनिटं गेली होती. दोघींनी हात मिळवला. मी दुसऱ्या टेबलांकडे गेले, कारण पंचाने एकाच पटाशी रेंगाळायचं नसतं. तरी दोनदा चक्कर मारली.

अडीच तासांनी, पटावर फक्त राजे, हत्ती आणि प्यादी उरली असताना, तेजल हरली. एक प्यादं आधी ढकलायला हवं होतं, नंतर ढकललं. दोघींनी एकमेकींच्या चालींच्या कागदांवर सह्या केल्या. तेजल माझ्याकडे आली.

“मॅडम, हा निकाल कसा लागणार?”

“शून्य-एक. हरलीस.”

“पण खेळून ना?”

“खेळून.”

ती मान डोलावून गेली आणि रविवारचे दोन्ही डाव जिंकली. राज्य स्पर्धेसाठी चौघींची निवड झाली. ईश्वरी पहिली, तेजल तिसरी. ईश्वरीचे वडील जाताना माझ्याशी बोलले नाहीत. नानांना मात्र बाजूला घेऊन विचारत होते, “हिला शिकवतं कोण हो?”

रविवारी संध्याकाळी पारोळा, एरंडोल मार्गे परतले. वाटेत पारोळ्याच्या अलीकडे एका ढाब्यावर शेवभाजी खाल्ली. तिखट कमी सांगितलं तरी तिखटच येते, पण चांगली होती.

घरी आल्यावर दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. बहिष्कार घालणारे कधी पटासमोर बसत नाहीत. खुर्ची नेहमी दुसऱ्याच कुणाची तरी रिकामी राहते, बहुतेकदा लहान मुलाची. आणि त्यासाठी फार मोठ्या देशाची गरज नसते. धुळ्यात एक बाप आणि जळगावात एक घाईतली पंच पुरते. राज्य स्पर्धेपूर्वी तेजलची नोंदणी बदलून मिळायला हवी. जुनी संघटना किती लवकर सोडेल, सांगता येत नाही. अर्ज मात्र पूर्ण आहे, आणि पूर्ण अर्ज अडवणं सोपं नसतं.

राज्य संघटनेचे सहसचिव जळगावातच राहतात. सोमवारी सकाळी त्यांच्या हाती दिलेले कागद:

१. नोंदणी बदलाचा अर्ज, पालकांच्या सहीचा: दोन पानं.
२. पासपोर्ट, जन्मदाखला व आधारच्या प्रती. मूळ कागद मी स्वतः पाहिले.
३. जिल्हा स्पर्धेचा निकाल, पाचही फेऱ्यांसह.
४. मुख्य पंचाचा खुलासा, एक पान: नाव माझ्या चुकीने कापलं गेलं, खेळाडूचा दोष नाही.
५. तेजलचं निवेदन, तिच्याच अक्षरात, एक ओळ: ‘जी समोर येईल तिच्याशी मला खेळायचं आहे.’ आणखी काही लिही असं मी सुचवलं होतं. ती नको म्हणाली. तसंच दिलं.

पोच मिळाली.