एर्विनसाठी घेतलेला फीडर

हिल्मर येश्केला फीडर घ्यायची परवानगी मिळाली ती वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी. ती देणारा त्याचा थोरला भाऊ एर्विन तोवर जवळजवळ आंधळा झाला होता.

मेसन गावाच्या पश्चिमेला, नदीपासून दोन मैल आत, दोघा भावांचं तीनशे एकर रान होतं. ओक, काटेरी मेस्किटची झाडं, निवडुंग आणि मधूनच जमीन फोडून वर आलेले गुलाबी खडक. पिकाला कुचकामी, हरणांना झकास. हिल्मरनं चाळीस वर्षं गावोगाव बोअर पाडल्या आणि बायको गेल्यावर तो पुन्हा या घरात राहायला आला. एर्विन इथून कधी हललाच नव्हता. त्यानं लग्न केलं नाही, मेंढ्या राखल्या आणि दर नोव्हेंबरात एक हरीण मारलं. एकच. वारा कुठून येतोय ते बघत, पायी, कधी कधी तीन-तीन दिवस एकाच हरणाच्या मागं फिरून.

आजूबाजूच्या सगळ्या रानांत फीडर होते. पिंपात मका भरायचा, खाली मोटर, तिला घड्याळ. ठरल्या वेळेला मोटर फिरते आणि दाणे चहूकडे उडतात. हरणं तो आवाज ओळखायला लागतात. शिकारी समोरच्या मचाणात कॉफी पीत बसतो. सकाळी सातला शेजारच्या रानांतून ती घरघर ऐकू आली की एर्विन म्हणायचा, "झाली घंटा. निघाली पोरं डबा खायला."

फार वर्षांपूर्वी हिल्मरनं एकदा विषय काढला होता. "आपणही एक घेऊया का? सगळेच घेतात."

"त्यापेक्षा कोंबड्या पाळ," एर्विन म्हणाला. "खुराड्यात हात घातला की झालं काम. थंडीत कुडकुडायला नको."

त्यानंतर हिल्मरनं ते नाव काढलं नाही.

मग एर्विनचे डोळे गेले. एकदम नाही. आधी वर्तमानपत्रातली अक्षरं मधोमध पुसट झाली, मग समोरच्या माणसाचं तोंड. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की पडद्याचा मधला भाग झिजलाय, त्याला इलाज नाही. कडेकडेचं दिसत राहील. एर्विन मग माणसाशी बोलताना त्याच्या कानापलीकडे कुठंतरी बघायला लागला. त्यात कंबर धरली. दोन नोव्हेंबर त्याने हरणाविना काढले. रायफल मात्र दर महिन्याला खाली काढून पुसायचा.

तिसऱ्या वर्षी सप्टेंबरात, नाश्त्याला बसले असताना तो एकाएकी म्हणाला, "ते भांडं घेऊन ये."

"कुठलं भांडं?"

"घरघर करणारं. आता हरणाकडे मी जाऊ शकत नाही. हरणालाच इकडं यावं लागेल."

हिल्मरचा घास हातातच राहिला. वीस वर्षांपूर्वी हेच ऐकायला मिळालं असतं तर त्यानं टाळ्या पिटल्या असत्या. आज त्यानं घास परत ताटलीत ठेवला.

"हसू नकोस," एर्विन म्हणाला.

"हसलो नाही."

"मला दिसत नाही म्हणून सांगतोय. हसू नकोस."

गावातल्या पेंडीच्या दुकानामागच्या अंगणात फीडर ओळीनं मांडले होते. दुकान चालवणारी ट्वायला पन्नाशीची, बोलायला फटकळ, पण खोटा माल गळ्यात मारणारी नव्हे. तिनं आधी विचारलं, "कुणासाठी, मिस्टर हिल्मर? तुमच्या घरात तर हा शब्द उच्चारायला बंदी होती ना?"

"एर्विनसाठीच."

ती फीडरच्या ओळीकडे वळली. मग म्हणाली, "तर मग नीट निवडू."

तिनं त्याला दोन दाखवले. एक तिपाईवरचा, मोटरवाला. दुसऱ्याला मोटर नाही, खाली तीन जाड नळ्या. हरणानं नळीत तोंड घालायचं आणि हवं तेवढं खायचं. "हा घ्या," ती नळ्यांच्या फीडरवर हात ठेवून म्हणाली. "दाणे उडवणाऱ्याखाली हरणं एका जागी राहत नाहीत. एक दाणा इथं, एक तिथं, एकमेकांना ढुशा देत फिरतात. नळीत तोंड घातलेलं हरीण उभं राहतं. त्यांच्या डोळ्यांना उभं राहिलेलं हरीण हवंय."

हिल्मरला ते पटलं. तरी तो तिथंच घुटमळत राहिला. नळीवाल्याकडे हरीण दिवसभरात कधीही येणार, आणि एर्विनच्या कमरेला तासाच्यावर बसवत नव्हतं. शिवाय नळीवाला मुका. मोटर वाजली की एर्विनला कळेल, वेळ झाली. दाणे पत्र्यावर, दगडांवर तडतडतील, तेव्हा कुठं बघायचं तेही कळेल. डोळे नसलेल्या माणसाला कानांनी तरी शिकार करू द्यावी.

"मोटरवाला दे," तो म्हणाला.

"विचार करा."

"केला."

दोन दिवस खपून त्यानं तो ओकांमधल्या मोकळ्या जागेत उभा केला. तिपाईचे पाय जमिनीत ठोकले, रानडुकरं लोळून पाडतील म्हणून भोवती गुडघ्याच्यावर येईल एवढी जाळी लावली. हरीण ती सहज उडी मारून ओलांडतं, डुकराला जमत नाही. साठ पावलांवर पत्र्याचं मचाण, पायऱ्या नसलेलं, जमिनीलगत. घड्याळ सकाळी सातला लावलं.

पहिल्या आठवड्यात मोटर वाजली की हरणं उधळायची. तिसऱ्या आठवड्यात ती वाजायच्या आधीच येऊन उभी राहायला लागली. हिल्मर रोज लपून बघायचा आणि नाश्त्याला अहवाल द्यायचा.

"किती?" एर्विन विचारायचा.

"सात माद्या. एक कोवळा नर."

"नर सोड. म्हातारी मादी बघून ठेव. जिला पिल्लू नाही अशी."

नोव्हेंबरातल्या पहिल्या शनिवारी, उजाडता उजाडता, हिल्मर भावाचा हात धरून त्याला मचाणात घेऊन गेला. एर्विनने दाढी केली होती. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवली आणि दोघं बसले. गारठा होता. एर्विन मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेनं बाहेर बघत होता.

सातला मोटर घरघरली. मका तडतडला. एर्विनच्या तोंडावर जे आलं ते हिल्मरनं कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

"उजवीकडे थोडं," एर्विन कुजबुजला. "बरोबर?"

"बरोबर. सहा आहेत. डावीकडची एकटी, तीच. आडवी उभी आहे."

"राखाडी डाग दिसतोय मला. थांबली?"

"थांबली."

हिल्मरनं ते म्हटलं तेव्हा ती खरंच थांबलेली होती. त्याच क्षणी दुसरीनं तिला ढुशी दिली, ती एक पाऊल पुढं झाली, आणि बार उडाला.

ती पाठ कुबडी करून जाळीवरून गेली, शेपूट खाली. बाकीच्या पसार झाल्या. गोळी पोटात बसली होती. हिल्मरला हे बघताक्षणी कळलं.

"पडली?" एर्विनने विचारलं.

"पडली," हिल्मर म्हणाला.

"जागीच?"

"जागीच. तू बस, मी घेऊन येतो."

पोटात गोळी लागलेल्या हरणामागं लगेच जायचं नसतं. त्याला चार तास एकटं सोडायचं, म्हणजे ते जवळच कुठंतरी बसतं आणि तिथंच जीव सोडतं. लगेच गेलं की ते पुन्हा उठतं, पुन्हा पळतं, आणि तडफड वाढते. हे हिल्मरला एर्विननंच शिकवलं होतं, लहानपणी, याच रानात. पण जागीच पडलेल्या हरणासाठी चार तास कोण थांबतं?

तो गेला. गवतावर रक्त थोडं आणि हिरवट पाणी जास्त. पहिल्यांदा ती निवडुंगाच्या झुडपांत बसलेली दिसली, त्याला पाहून उठली आणि पडत-झडत पुढं गेली. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा ओढ्याच्या कोरड्या पात्रात सापडली, मान वर, तोंड उघडं. तिला उठवत नव्हतं. ती त्याच्याकडे बघत होती. हिल्मरनं पिस्तूल काढलं.

अर्ध्या तासानं तिला पिकअपच्या मागं टाकून तो मचाणाशी आला. एर्विन बाहेर येऊन उभा होता.

"दुसरा बार कुणाचा?"

"पलीकडच्या रानातला असेल."

एर्विन पिकअपला धरत मागं आला, हात लांब केला आणि हरणाच्या अंगावरून फिरवायला लागला. मानेपासून सावकाश, केसांच्या दिशेनं. कानामागं बोट थांबलं. मग बरगड्या, मग पोट. तिथं पुन्हा थांबलं. त्यानं हात विजारीला पुसला.

"किती लांब गेली होती?"

हिल्मरनं हरणाचा लोंबणारा पाय आत सरकवला. "ओढ्यापर्यंत."

"आणि तू मागं मागं."

"हो."

"मला खरं सांगितलं असतंस तर आपण इथंच बसून राहिलो असतो, हिल्मर. तिला तेवढं तरी मिळालं असतं."

घरी त्यानं हरीण स्वतःच सोललं, बोटांच्या अंदाजानं. कातडीला एक छेद वाकडा गेला नाही. पोटाकडचं मांस नासलं होतं, ते टाकावं लागलं. संध्याकाळी रायफलला तेल देऊन त्यानं ती कपाटात ठेवली, आणि त्यानंतर कधी बाहेर काढली नाही.

फेब्रुवारीत त्याला न्यूमोनिया झाला. इस्पितळात हिल्मर रोज जायचा, खाटेशी बसायचा. ट्वायलानं नळ्यांचा फीडर घ्यायला सांगितलं होतं, हे त्याच्या ओठांवर अनेकदा आलं. एकदा एर्विनच आपणहून बोलला, "त्या दिवशी मोटरची घरघर झाली ना, तेव्हा मला सगळं रान दिसलं." त्यावर हिल्मरनं फक्त त्याचं पांघरूण सारखं केलं. पुढच्या मंगळवारी एर्विन गेला.

शरद ऋतूत हिल्मर पेंडीच्या दुकानात गेला तो जनावरांच्या मिठाच्या विटा आणायला. ट्वायलानं मक्याचं विचारलं नाही. तिपाई त्यानं उन्हाळ्यातच उपटून गोठ्यामागं आडवी टाकली होती.

त्या नोव्हेंबरात येश्केंच्या रानात बार झाला नाही. पहिला शनिवार बाराविना गेल्यावर आठवडाभरानं पलीकडच्या रानातली विधवा मिसेस श्नाइडर हरणाच्या मांसाच्या सॉसेजच्या दोन माळा घेऊन आली आणि दारातच म्हणाली, "यंदा आमच्याकडे जास्त झालंय." हिल्मरनं त्या घेतल्या, तिला आत बोलावलं आणि कॉफी ठेवली.