मेघाच्या दाराची पाटी

माझ्या नवऱ्याचं नाव कडूबा. बाईनं नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण आज मी घेणार. त्यांच्या आधीची लेकरं सासूबाईंच्या मांडीवरच गेली, म्हणून ह्यांचं नाव कडू ठेवलं, मरणानं तोंडात घालू नये म्हणून. ते नाव जन्मापासून त्यांच्या अंगावर हाय. शाळेत तेच, कंपनीत तेच, आधार कार्डावर तेच. कुणी म्हणलं नाय की बाबा, आता चांगलं नाव घे. एवढं ध्यानात ठेवा, मग पुढचं सांगते.

चिकलठाण्याच्या एका कंपनीत ते माल भरायच्या लाकडी पेट्या ठोकायचे. कंपनीनं माणसं कमी केली तेव्हा घरी बसले. नुसते छताकडं बघत पडायचे. मी म्हणलं, "छताला काय सिनेमा लागलाय का? हात हायेत ना धड?" मग त्यांनी लाकूड कोरायची राउटर मशीन आणली आणि मागच्या पत्र्याच्या शेडमधी पाट्या कोरायला लागले. बंगल्याच्या, दवाखान्याच्या, फार्महाऊसच्या. आता पार करमाडपर्यंत कुणी घर बांधलं की ह्यांना फोन येतो.

काम असं, की आधी कागदावर अक्षर काढायचं, तो कागद प्लायवर चिकटवायचा आणि आतून कापून साचा करायचा. साचा फळीवर घट्ट बसवला की मशीन त्याच्या कडेकडेनं फिरती आणि अक्षर लाकडात खोल उतरतं. साच्यात केसाएवढी चूक असली तरी मशीन ती इमानानं कोरती. त्या भुशानं माझं घर बरबाद केलं. पापडावर भुसा, गादीवर भुसा, देवाच्या डोक्यावर भुसा. लई भांडले मी. पण माणूस पुन्हा गुणगुणायला लागला होता, म्हणून गप बसले.

पहिला साचा त्यांनी कापला तो आमच्या एकुलत्या एक लेकीच्या नावाचा. मेघा. तो साचा दाराजवळच्या खिळ्याला टांगलेला असायचा, गिऱ्हाइकाला हात लावू द्यायचे नाय. तिच्या अभ्यासाच्या टेबलावर मेघा, कपाटावर मेघा, पोळपाटाच्या मागं सुद्धा मेघा. मी म्हणायचे, "आता पोरीच्या कपाळावर तेवढं राहिलं बघा." ते हसायचे आणि पोरगी बापाच्या गळ्यात पडायची.

मेघा शिकली, औषधाच्या कंपनीत लागली. लग्न ठरलं ते देवगाव रंगारीच्या इंद्रजीतशी. पोरगा वाईट नाय. दोघांनी मिळून विमानतळाच्या मागच्या नव्या बिल्डिंगीत फ्लॅट घेतला, कर्ज दोघांच्या नावावर. ह्यांनी गुलमंडीत पाडलेल्या एका घराचं जुनं सागवान आणलं. त्यावर वर मेघा, खाली इंद्रजीत. खिळ्यावरचा तोच जुना साचा लावला आणि नेहमीपेक्षा खोल कोरलं. म्हणले, "मुक्ता, आपण जाऊ, पण हे नाव जायचं नाय." लोकांच्या दारावर नावं कोरता कोरता केस पांढरे झाले होते, आता लेकीच्या दाराची पाळी आली होती. तिचं नाव तिच्या दारावर दिसावं, एवढीच त्यांची हौस.

लग्नात फेरे झाले आणि पोरीची सासू, द्वारकाबाई, तांदळाचं ताट घेऊन आली. इंद्रजीतनं अंगठीनं तांदळात नवं नाव लिहिलं. प्रेरणा. पत्रिकेवरून प अक्षर निघालं म्हणे. टाळ्या झाल्या, पेढे वाटले. आम्हाला आधी कुणी शब्दानं विचारलं नाय, पोरीलाही नाय. ह्यांचं तोंड उतरलं. माझ्या कानात म्हणले, "हे काय गं?" मी म्हणलं, "रीत हाय. तुम्हाला काय आजच कळली का?"

तरी घरभरणीला ह्यांनी स्वतः ड्रिल नेऊन पाटी दाराला बसवली. द्वारकाबाईंनी वाचली, पाहुण्यांसमोर काय बोलल्या नाय. आठवडाभरात जावई पाटी पिशवीत घालून हजर.

"मामा, आई म्हणते लाकूड एक नंबर हाय. नाव तेवढं बदलून द्या."

तेवढं! अहो, रंगाची पाटी असती तर पुसली असती. कोरलेलं नाव पुसता येत नाय. अक्षराच्या तळापर्यंत सगळी फळी तासावी लागती. जावई चहा पिऊन गेला. ह्यांनी पाटी मांडीवर घेतली आणि म्हणले, "मेघाला विचारतो. ती नाय म्हणली, तर ही परत तिथंच ठोकीन. बघतो कोण काढतंय."

माझ्यासमोर फोन लावला. पोरीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणली, "पप्पा, करून टाका ना. घरात रोज तोंडं वाकडी कशाला? ऑफिसात मी मेघाच आहे."

"अन् तुझ्या दारावर गं?"

"आईचं पण बदललंच होतं ना? आई कुठं काय म्हणली?"

आई काय म्हणली नाय! आईला तोंड दिलं होतं का कुणी? माझं माहेरचं नाव दगडाबाई. मायची आधीची लेकरं जगली नायत, म्हणून माझं नाव दगड. कडूबाचं दुखणं तेच माझं दुखणं. त्यांचं नाव टिकलं आणि माझं ताटातल्या तांदळात गेलं. मुक्ता नाव चांगलं हाय, मी कुठं नाय म्हणते? पण विचारलं का? दिवसभर सासरचे लोक हाक मारायचे आणि मी वळून बघायचे नाय, तर सासूबाई म्हणायच्या, सून बहिरी हाय. माय होती तोवर माहेरी गेल्यावर तेवढी जुन्या नावानं हाक यायची. माय मेली. भाऊ अक्का म्हणतो. आता त्या नावानं हाक मारणारं जगात कुणी राहिलं नाय.

फोन ठेवला तशी मी आत निघून गेले होते. बाहेर आले तर हे पाटी कुशीत धरून हमसून हमसून रडत होते. "माझ्या लेकीचं नाव पुसलं गं, माझ्या हातानं पुसायला लावलं." दया यायला पाहिजे होती. नाय आली. संताप आला.

"रडा," मी म्हणलं. "माझं पुसलं तेव्हा ताटावर अंगठी कुणाच्या बोटात होती? तुमच्याच ना? त्या दिवशी तर तुम्ही लई हसत होते."

रडणं थांबलं. माझ्याकडं बघत राहिले, घरात कुणी अनोळखी बाई शिरल्यासारखे. मला वाटलं, आता तरी माणूस ते नाव घेईल. एकदा घ्यावं, एवढंच मनात होतं. घेतलं असतं तर मी सगळं माफ केलं असतं, देवाशपथ.

बराच वेळ ते आठवत बसले. कपाळाला आठ्या, ओठ हलतायत, पण शब्द येईना. मग हळूच म्हणले, "मुक्ता, तुझं आधीचं नाव काय होतं गं?"

मी पदर खोचला, झाडू हातात घेतला.

"रंधा चालू करा," मी म्हणलं. "जावई रविवारी पाटी न्यायला येणार हायेत."

त्यांनी फळी तासली. भुसा पडत गेला, मी झाडत गेले. खिळ्यावरचा मेघाचा साचा काढून तिथं प्रेरणाचा टांगला. ते अजून विचारतात, जेवताना, झोपताना, सांग ना गं, काय होतं.

मी सांगत नाय.