मोठेबाबांचा परवाना

कायद्यावर आमच्या मोठेबाबांइतकी गाढ श्रद्धा असलेला माणूस मी पाहिला नाही. कायदा त्यांनी वाचलेला नव्हता. पण श्रद्धेचं त्यावाचून अडत नाही.

मोठेबाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. आमच्या गावी, धनजला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दंडार व्हायची. त्या नाचगाण्याच्या खेळाचा परवाना आणण्याचा मान त्यांचा. तालुक्याच्या कचेरीत ते पायरीखाली वहाणा काढून जात. चपराशी हसायचा. "हासू दे त्याले," ते म्हणत, "साहेबाच्या सहीत सरकार राह्यते." परतताना वाटेत भेटेल त्याला ऐकवत, "आपल्याजवळ कागद हाये. आता कोनाच्या बापाचं भ्या?" खेळाआधी त्या कागदावरच्या साऱ्या अटी ते मोठ्यानं वाचून दाखवत. लोक तेवढ्यात पान लावून घेत.

आणीबाणी लागली त्या वर्षी परवाना तपासायला खुद्द पोलीस ठाण्याचा जमादार येणार असं कळलं. मोठेबाबा हरखले. कागदाची कदर असलेला माणूस पहिल्यांदाच गावात येत होता. धाकट्या मुलीला पाहायला येणारे पाहुणेही त्यांनी मुद्दाम त्याच दिवशी बोलावले. मुलीच्या बापाचं वजन त्यांना दिसावं, एवढाच हेतू.

दिवेलागणीला ढोलकीची पूजा झाली. मोठेबाबांनी परवानाही तबकात ठेवला, त्यावर पाणी शिंपडलं आणि ढोलकीला लावलं तसं हळदकुंकू बोटांनी चांगलं दाबून लावलं.

जमादारानं कागद कंदिलाशी धरला.

"तारीख कुठी हाये?"

"कुंकवाखाली हाये, साहेब."

"अन् शिक्का?"

"तो हळदीखाली."

पाहुण्यांतलं कोणीतरी फिस्सकन हसलं.

"मी सांगून राह्यलो ना, आजचाच हाये."

"तुमच्या तोंडाले शिक्का नाई, बाबा. खेळ बंद."

राधा झालेला गडी लुगडं सावरत खाली उतरला. "देवाले वाह्यचं होतं ना कुंकू," तो पुटपुटला. मोठेबाबा कागद धरून उभेच होते. आमच्या घरातल्या प्रत्येकाला नेमकं तेव्हाच बैलांचं काहीतरी काम आठवलं. त्यांच्याजवळ कोणी गेलं नाही.

पाहुणे "कळवतो" म्हणाले. कळवलं नाही.

मोठेबाबा पुन्हा कचेरीची पायरी चढले नाहीत. दंडारीच्या दिवशी ढोलकी वाजली की आतून कडी लावून घेत.

पुढच्या वर्षी परवाना वडिलांनी आणला आणि रिवाजाप्रमाणे अटी वाचून दाखवल्या. शेवटची अट साहेबांनी हातानं लिहून वाढवली होती: सदर परवान्याची पूजा करू नये.