पंखा बंद करून चिडचिड

कोलकात्यात पंखा बंद केला की माणूस आपोआप चिडतो. आमच्या कार्यक्रमाला एवढं भांडवल पुरतं. दर शनिवारी अकरा वाजता मी झोपायच्या खोलीच्या खिडक्या लावून घेते, पंखा बंद करते, दोन उशांच्या मध्ये मोबाइल उभा करते आणि भाऊजी आणि मी तासभर जगावर तोंडसुख घेतो. त्यात आठवड्याच्या बातम्या, मालिका, नटनट्यांची लग्नं, जाहिराती असं काहीही चालतं. अट एकच, कशाचंही कौतुक करायचं नाही. खाली मासेवाला ओरडला तर थांबायचं, तो गेला की पुन्हा चिडायचं.

भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे मित्र. बँकेत अधिकारी होते. शेवटची बदली कोलकात्याजवळ बजबजला झाली, नदीकाठचा फ्लॅट आवडला आणि तिथेच राहिले. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत वर्षानुवर्षं त्यांची प्रहसनं झाली. त्यांतला नायक कायम बँकेतला अधिकारी असायचा आणि कायम सगळ्यांपेक्षा शहाणा असायचा. मी दिवाळी अंकांत विनोदी लेख लिहायचे. नवऱ्याच्या केंद्र सरकारी नोकरीमुळे तीन वर्षांसाठी इथे आलो होतो, आता मोजत नाही. रेकॉर्डिंग सुरू झालं की नवरा पिशवी घेऊन बाजारात जातो आणि संपल्याची खात्री झाल्याशिवाय परत येत नाही.

विनोदी लेखक म्हातारे झाले की हसत नाहीत, हे लोकांना माहीत नसतं. दुसऱ्याचा विनोद ऐकून आम्ही फार तर मान हलवतो आणि 'बरा आहे' म्हणतो. भाऊजी माझ्या विनोदाला आयुष्यात चारदा 'बरा आहे' म्हणालेत, आणि चारही वेळा मी घरी जाऊन शिरा केला होता.

आमचं रेकॉर्डिंग जातं लेकीकडे. ती आयटीत आहे, सेक्टर फाइव्हला ऑफिस, न्यू टाउनला मैत्रिणीबरोबर राहते. आमचे खोकले, सुस्कारे आणि 'मी काय म्हणत होते' हे सगळं ती कापते आणि रविवारी सकाळी कार्यक्रम इंटरनेटवर टाकते. ऐकताना आम्हीच आम्हाला दहा वर्षांनी तरुण वाटतो. फोनवर ती माझ्याशी इंग्रजीत बोलते. मराठी सगळं कळतं, पण बोलत नाही. इथे वाढलेल्या मुलांचं असंच होतं, असं मी सगळ्यांना सांगत आले होते.

प्रत्येकाने तीन विषयांची चिठ्ठी आणायची आणि दुसऱ्याने विषय नाकारायचा नाही, असा आमचा शिरस्ता. गेल्या दुर्गापूजेच्या आधीच्या एका शनिवारी भाऊजींच्या चिठ्ठीवर पहिला विषय होता, एकदा उद्घाटन झालेल्या पुलाचं पुन्हा उद्घाटन. दुसरा, पाटीवर मांडून, वर छोटा झेंडा टोचून वडापाव देणारं हॉटेल. तिसऱ्या ठिकाणी नुसतं 'लेक' लिहिलेलं होतं.

"हे काय?" मी विचारलं.

"मंडळाच्या ग्रुपवर या आठवड्यात सगळ्यात जास्त फिरलेली गोष्ट," भाऊजी म्हणाले. "तुम्ही पाहिली नसेल वहिनी, म्हणून आधी दाखवतो."

मी कशी पाहणार? उकडीच्या मोदकांवरून भांडण होऊन मी तो ग्रुप केव्हाच सोडला होता. भाऊजींनी फोन पुढे धरला. एस्प्लनेडजवळच्या कुठल्यातरी कॅफेत माझी लेक माइक घेऊन उभी होती. ती असं काहीतरी करते, एवढं मला माहीत होतं. बोलावलं मात्र कधीच नव्हतं.

ती इंग्रजीत बोलत होती. म्हणाली, "माझी आई विनोदी लेखिका आहे. मुलांनी बोलताना चूक केली की इतरांच्या आया ओरडतात. माझी आई वही आणायला जायची." लोक हसले. मीही मनात 'बरा आहे' म्हटलं, सवयीने. मग ती म्हणाली, "नऊ वर्षांची होईपर्यंत माझ्या तीन चुका छापून आल्या होत्या. मग मी मराठी बोलायचंच सोडलं. आईला वाटलं, मुलगी अबोल आहे." लोक आणखी जोरात हसले. पुढचं मी नीट ऐकलं नाही.

त्या चुका मी इथे पुन्हा लिहिणार नाही. एकदा छापल्या तेवढ्या पुरे. त्यांतला एक लेख मी गणपतीत मंडळाच्या स्टेजवरून वाचला होता आणि हॉल डोक्यावर घेतला होता लोकांनी. हसता हसता सगळे वळून पहिल्या रांगेत बसलेल्या तिच्याकडे बघत होते. ती खाली मान घालून बसली होती. मला वाटलं, लाजतेय, खूश आहे. टाळ्या मला पडत होत्या ना, मग मला कशाला दुसरं काही दिसतंय!

"हा विषय मी घेणार नाही," मी म्हटलं.

"नियम म्हणजे नियम, वहिनी. आपण जगातल्या प्रत्येकाच्या लेकीला बोललो आहोत."

मला त्यांचा असा संताप आला की मी बटण दाबून पंखा बंद केला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. लेकीला सोडलं नाही. माइक कुल्फी धरावी तसा तोंडाला लावतात का? पँट गुडघ्यावर फाटलेली, घरात सुईदोरा नाही असं लोकांना वाटायचं. दुसऱ्या विनोदानंतर थांबलीस किती, तेवढ्यात माणूस चहा पिऊन येईल! भाऊजी चक्क हसले. एकदा नव्हे, दोनदा. त्या जोरावर मी म्हटलं, "आणि वही आणायला जायची हे साफ खोटं आहे. वही माझ्या उशाशीच असायची."

हे बोलले आणि पुढचं काही सुचेना. म्हणून जे होतं तेच बोलले. म्हटलं, मी चुकले गं. एवढंसं पोर तू, बोलायला शिकत होतीस आणि मी तुझ्या तोंडाकडे टपून बसले होते. तू गप्प झालीस तेव्हा मी तुला एकदाही विचारलं नाही, उलट तुझ्या गप्प बसण्यावर चौथा लेख लिहिला. तोही छापून आला. असं मी सात मिनिटं बोलत होते. शेवटी भाऊजी उठले, पंखा लावला आणि स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. माझ्या घरात त्यांनी केलेला तो पहिला चहा, आणि तो अगदी वाईट झाला होता. तो पिऊन, पंखा पुन्हा बंद करून आम्ही राहिलेले विषय उरकले.

फाइल लेकीकडे गेली. त्या संध्याकाळी तिचा फोन नाही, मेसेज नाही. मी नवऱ्याला दोनदा विचारलं, नेट चालू आहे ना आपलं?

रविवारी सकाळी कार्यक्रम आला. नवरा आणि मी ऐकायला बसलो. माइक होता, पँट होती, चहा पिऊन येणारा माणूस होता. भाऊजींचं हसणं तर दोन्ही वेळा जसंच्या तसं होतं. माझं वही उशाशी असल्याचं वाक्य आलं आणि त्याला लागून लगेच पाटीवरचा वडापाव सुरू झाला. माझी सात मिनिटं गायब!

माझं टाळकंच सरकलं. आयुष्यात संपादकांनी एक परिच्छेद गाळला तरी मी दोन दोन दिवस धुमसलेली बाई. लगेच फोन लावला.

"माझी माफी कुठे गेली?"

"कापली," ती नेहमीसारखं इंग्रजीत म्हणाली. "स्लो होती, आई."

"स्लो? माफी स्लोच असते! रात्रभर मला झोप नाही आणि तुला ती स्लो वाटली? सगळ्यांसमोर मागितली होती मी, सगळ्यांनी ऐकायला हवी होती."

मग ती मराठीत बोलली, एकेक शब्द जुळवत, सावकाश.

"ती माझी आहे ना? मग लोकांना कशाला?"

मी पलंगावर बसले. तिची गोष्ट घेऊन मी पुन्हा एकदा लोकांसमोर उभी राहायला निघाले होते, आणि तेही माफी मागताना. लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला, पोटातून.

"ठेव," मी म्हटलं. "तुझ्याकडेच ठेव. पण ऐकलीस ना नीट?"

"तीनदा," ती म्हणाली.