भंतेंच्या कुऱ्हाडीने कापलेली नाळ

माझ्या मुलीची नाळ जपानी कुऱ्हाडीने कापण्यात आली. ही माहिती मला तिच्या जन्मानंतर तिसऱ्या दिवशी, धावड्याला सासरवाडीच्या ओसरीत चहा पिताना मिळाली.

आणीबाणी उठली त्यानंतरचा हिवाळा होता. जालना जिल्हा अजून झाला नव्हता. भोकरदन तालुका औरंगाबादेत मोडत होता. मी औरंगाबादच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. पत्नी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेली होती. निरोप मिळाला तसा मी रजा टाकून निघालो.

चहाचा कप हातात देता देता मेहुणा म्हणाला, "दाजी, पोरीची नाळ कशानं कापली, वळखा बरं."

"ब्लेडनं."

"ब्लेडनं तं सगळेच कापतात. भंतेच्या कुऱ्हाडीनं."

ती कुऱ्हाड मी आधी पाहिलेली होती. काही वर्षांपूर्वी एक जपानी भिक्खू मराठवाड्यातल्या बौद्ध वस्त्या पायी फिरत असताना या घरी राहिले होते. सासरे तेव्हा हयात होते. भंते स्वतःचा चहा स्वतः करत आणि त्यासाठी लागणाऱ्या ढलप्याही स्वतः फोडत. त्यांची कुऱ्हाड हातभर दांड्याची, एका हाताने चालवायची होती. पातं अरुंद आणि जाड. आपल्याकडे लाकूड पायाखाली दाबून वरून घाव घालतात. भंते लाकडाच्या टोकावर पातं टेकवत, किंचित रुतवत, मग लाकूड आणि कुऱ्हाड एकत्र उचलून ओंडक्यावर आपटत. लाकूड उभं चिरत जाई आणि बोटं धारेपासून लांब राहत. जाताना त्यांनी ती सासऱ्यांना दिली.

पात्याच्या एका बाजूला तीन रेघा कोरलेल्या होत्या, दुसऱ्या बाजूला चार. भंतेंना त्यांचा अर्थ विचारावा तर त्यांना मराठी येत नव्हतं आणि घरात जपानी कोणाला येत नव्हतं. वस्तीने अर्थ लावला. तीन रेघा म्हणजे बुद्ध, धम्म, संघ. चार म्हणजे चार आर्यसत्यं. जपानी लाकूडतोडे आपल्या कुऱ्हाडींवर अशा रेघा पूर्वापार कोरत आले आहेत आणि त्यांचा बुद्धाशी संबंध नाही, हे मी फार पुढे वाचलं.

सासूबाई आतून बाहेर आल्या. त्यांनी तपशील पुरवला.

"सुईण तिचा इळा घेऊन आल्ती, जावईबापू. त्याच इळ्यानं कापायचं, मंग तोच उशाला ठेवायचा, पाचवीला सटवी पुजायची. म्या म्हणलं, ठेव तो बाहेर. दीक्षा घेतली तवाच हे सगळं सोडलं आम्ही. ती म्हणली, मंग कापू कशानं? म्या भंतेची कुऱ्हाड दिली."

"धुतली होती?"

"पाण्यानं चोख धुतली. वरून चुलीतली राख लावली नाळेला. बराबर सुकायली."

मी कप खाली ठेवून मागच्या अंगणात गेलो. कुऱ्हाड ओंडक्यात रुतवलेली होती. बाजूला दोन शेळ्या बांधलेल्या, जमिनीवर लेंड्या आणि ओलं शेण, पलीकडे कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा ढीग. धार स्वच्छ दिसत होती. त्याला काही अर्थ नव्हता.

मला जे ठाऊक होतं ते नोकरीमुळे. आरोग्य खात्याच्या एका पत्रकावरून मी नवजात बालकांच्या धनुर्वाताची छोटी बातमी केली होती आणि ती आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात लावली होती. धनुर्वाताचे जंतू शेणामातीत असतात. न उकळलेल्या हत्याराने नाळ कापली तर ते आत जातात. पहिले काही दिवस बाळ अगदी ठीक असतं. मग एकदा ते दूध ओढायचं थांबतं. जबडा आवळला जातो, अंग ताठ होतं. त्यानंतर फारसं काही करता येत नाही. बातमीत मी हे वाक्य असंच लिहिलं होतं.

पत्नी बाळाला पाजत होती. मी विचारलं, "दिवस असताना धनुर्वाताची सुई घेतली होती?"

"एक घेतली. नर्सबाई म्हणाल्या दुसरी महिन्यानं. तोवर हीच आली, लवकर. का हो?"

"काही नाही. जालन्याच्या डॉक्टरला एकदा दाखवून आणू."

सासूबाईंना ते बिलकुल पसंत पडलं नाही. "ओल्या बाळंतिणीला एसटीत घालून नेणार? गाव काय म्हणल? पेपरवाल्याला पोरगी झाली, रागानं उचलून नेली म्हणल."

"म्हणू द्या."

"लेकरू दूध पिऊन राह्यलंय, हगून-मुतून राह्यलंय. दुखणं कोणाला हाये? तुम्हालाच दिसायलंय."

खरं कारण सांगितलं असतं तर दोघींना सांगावं लागलं असतं, आणि बाळंतिणीच्या अंगावरचं दूध भीतीने आटतं असं मी ऐकलेलं होतं. खरं की खोटं, तपासायला वेळ नव्हता. सासूबाई कुरकुरत का होईना, आमच्यासोबत निघाल्या.

भोकरदनला गाडी बदलली, खिडकीजवळची जागा मिळाली. राजूर गेल्यावर पत्नीने बाळाला पदराखाली घेतलं. बाळाने तोंड उघडलं नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला. दूध गालावरून ओघळून दुपट्यात गेलं.

"पीत न्हाई," ती आईला म्हणाली.

"झोप लागली आसंल."

मी दुपट्यात हात घालून बाळाचा पाय धरला. गुडघ्यातून वाकवून पाहिला. तो वाकला, पण मला तो कडक लागला. पुन्हा वाकवला. आता तो सैल लागला की मला तसं हवं होतं, हे कळेना. समोरच्या बाकावरचा पागोटेवाला म्हातारा बराच वेळ बघत होता.

"राहू द्या की लेकराला," तो म्हणाला. "जागं झालं तं सारी एसटी डोक्यावर घेईल. मंग कंडक्टर तुम्हालाच उतरवून देईल."

दोघे-तिघे हसले. तिने एसटी डोक्यावर घ्यावी यापलीकडे त्या वेळी मला काही नको होतं. मी तळपायाला चिमटा काढला. बाळाचं तोंड वाकडं झालं, आवाज निघाला नाही. सासूबाईंनी माझा हात पाहिला, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं.

डॉक्टर आमच्या जालन्याच्या वार्ताहराच्या ओळखीचे होते. त्यांनी बाळ टेबलावर ठेवलं, बेंबी पाहिली आणि सासूबाईंना विचारलं, "नाळ कशानं कापली?"

"आमच्या भंतेची कुऱ्हाड हाये. जपानची."

"उकळली होती?"

"धुतली होती."

"उकळली होती का, बाई?"

"न्हाई."

"एरवी काय करता तिचं?"

"सरपणाच्या ढलप्या काढतो."

डॉक्टरांनी हात धुतले आणि करंगळी बाळाच्या तोंडात, आत टाळूपर्यंत घातली. धनुर्वात असला तर बाळ बोट चावून धरतं, हे त्यांनी नंतर सांगितलं. तेव्हा मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी काय बघायचं तेही न कळता बघत होतो. बाळाचे गाल आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले.

"ओढतेय," डॉक्टर म्हणाले. "गाडीच्या हलण्यानं पेंगली असेल." मग ते पत्नीकडे वळले आणि धनुर्वात म्हणजे काय, ते सगळं सरळ सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. धनुर्वातविरोधी सीरम डॉक्टरांनी आधी थेंबभर टोचून अंगावर उठतं का ते पाहिलं, मग पूर्ण दिलं.

"आता धोका गेला?" मी विचारलं.

"कमी झाला. दहा दिवसांची होईपर्यंत प्रत्येक पाजणं बघा. ओढायची थांबली तर तशीच उचलून आणा. तासभरही थांबू नका."

आम्ही धावड्याला परत न जाता वार्ताहराच्या घरी, मागच्या खोलीत राहिलो. बाळ भुकेलं की सासूबाई आणि मी पत्नीच्या समोर जमिनीवर बसायचो आणि बाळाच्या जबड्याकडे बघायचो. बाळ मध्येच दम घ्यायला थांबलं की सासूबाई माझं मनगट धरत. एकदा त्या हळूच म्हणाल्या, "सुईणीला मीच अडवलं. इळाच चालू द्यायचा होता का, जावईबापू?" विळाही उकळलेला नव्हताच, असं मी सांगितलं. त्याने त्यांचं समाधान झालं नाही.

दहाव्या दिवशी दुपारी पत्नीने बाळाला घेतलं आणि पदर ओढण्याआधी आमच्याकडे बघितलं.

"आता दोघं बाहेर व्हा," ती म्हणाली. "तुम्ही असे बघता तं मला भीती वाटते, अन् मी भ्याले की ती दचकते. थांबली तर मी आवाज देईन."

आम्ही बाहेर आलो. तिने आतून दार लोटून घेतलं. सासूबाई चौकटीला टेकून उभ्या राहिल्या आणि कान फळीला लावला. मी त्यांच्या मागे उभा राहिलो. रस्त्यावरून टांगा जात होता, त्यामुळे काही ऐकू येईना.

"येतोय का ओढायचा आवाज?" मी विचारलं.

त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. टांगा पुढे गेला.

"येतोय," त्या म्हणाल्या, आणि कान तसाच ठेवला.