बानाबाईचे शिंपले

फुलंब्रीजवळच्या आमच्या गावात बानाबाईच्या मेंढरांइतकं चोखंदळ कुणी नव्हतं. गावतळं हिरवं पडलं, तशी ती काठापर्यंत जात, वास घेत आणि रुसलेल्या व्याह्यासारखी परत फिरत.

नवरा मुंजाबा वैतागला. "तळं असंच राह्यलं तर मेंढरं इकतो अन् वाळूजला वॉचमन व्हतो."

"व्हय, अन् चोरालाच तुमाला उठवावं लागंल!"

बोलली खरी, पण तिचा जीव धास्तावला. मी शाळेत हजेरी घ्यायचो, तशी ती एकेका मेंढीला नावानं हाक मारायची.

तिचं माहेर पैठणकडचं, गोदाकाठचं. शिंपले दाट असलेल्या डोहाचा तळ दिसतो, हे तिनं लहानपणीच पाहिलेलं. शिंपला पाणी आत ओढतो, त्यातली हिरवळ खातो, निवळ पाणी बाहेर सोडतो. त्याला ना पेंड लागते, ना औषध. ओल्या गोणपाटात तिनं माहेरचे शिंपले आणले. एसटीत कंडक्टरनं विचारलं, "काय हाय यात?"

"म्हायेरची माणसं," म्हणाली, आणि ती माणसं तळ्यात सोडली.

गाव हसलं. मग वाळूजच्या कारखान्यात जाणाऱ्या बन्सीनं गंमत म्हणून एक शिंपला फोडला. आत ज्वारीएवढा पांढरा मणी! संध्याकाळी निम्मं गाव विळे घेऊन तळ्यात.

"आरं, मेलेला शिंपला पानी नासवतो!" बानाबाई ओरडली. कुणी ऐकेना. तेव्हा ती बन्सीला म्हणाली, "आधी शहरात, शहागंजातल्या सोनाराला तर इचार. मोती असंल तर शिंपले जपायचे, नसंल तर फोडायचे कशाला?"

हे सगळ्यांना पटलं. पण ते नामांतर आंदोलनाचे दिवस. शहर बंद, एसटी बंद. मोती की खडा, ठरेना. तोवर बन्सीच राखणदार झाला. शिफ्टवरून उतरला की आधी तळ्यावर. बैल धुणाऱ्यांना, साबण आणणाऱ्यांना हाकलायचा.

ऐन उन्हाळ्यात तळ्यातले गोटे दिसू लागले. बेडूक परतले, खंड्या तारेवर बसू लागला. एका सकाळी मेंढरांनी वास घेतला आणि गुमान माना खाली घातल्या. मुंजाबा बघतच राहिला.

"वॉचमनची जागा भरली बरं का," बन्सीकडे बोट दाखवत बानाबाई म्हणाली.

शहागंज उघडल्यावर मुंजाबानं विचारलं, "काय रं बन्सी, जातोस का सोनाराकडं?"

बन्सीनं खिशातला मणी चाचपला.

"नगं मामा. उगं भाव कळायचा, अन् गाव पुन्हा विळे काढायचं."